हिरव्या शिक्क्याचा भाव

तपासणीबाईंचं अक्षर फार सुंदर होतं आणि त्याचा त्यांना गर्वही होता. आता यात वाईट काय, असं कोणी म्हणेल. काहीच नाही. पण त्या शुक्रवारी फळ्यावर जे लिहिलं ते जरा गिचमिड लिहिलं असतं, निम्म्या लोकांना लागलंच नसतं, तर किती बरं झालं असतं, असं त्या अजून म्हणतात. पस्तावलेला माणूस कशाकशाला दोष देत बसेल त्याचा नेम नाही.

बाईंनी तीस वर्षं इस्पितळाच्या प्रयोगशाळेत रक्त तपासलं. निवृत्त झाल्यावर लोक देवदर्शनाला जातात, गुडघे दुखतात म्हणून तक्रारी करतात. बाईंनी ही दुसरी नोकरी धरली. बंद पडलेल्या चपलांच्या दुकानात एक खोली होती, रस्त्याकडे उघडणारी एक खिडकी होती, बाहेर भिंतीला एक फळा होता, आत टेबल, एक यंत्र, एक नाजूक तराजू आणि काचेच्या बशा. काम एवढंच, की नशेची पूड घेणाऱ्या माणसांनी खिडकीत चिमूटभर पूड आणून द्यायची आणि बाईंनी तपासून सांगायचं की आत काय आहे. नाव विचारायचं नाही, पोलिसांना कळवायचं नाही, उपदेशाचे डोस पाजायचे नाहीत. शेवटचं कलम बाईंना फार जड जायचं.

शेजारपाजारच्यांनी नावं ठेवायची ती ठेवलीच. "गर्दुल्ल्यांचे लाड करायला सरकारचा पगार घेते," असं समोरच्या शिंपिणीने तोंडावर म्हटलं होतं. बाईंचा राग नाकाच्या शेंड्यावर. "लाड नाही करत, मेलेल्यांची संख्या कमी करते," असं म्हणून त्यांनी तिच्याकडचं शिवायला टाकलेलं पोलकं परत आणलं, तेही अर्धवट शिवलेलं.

खरं कारण त्या कोणाला सांगत नसत. खरं कारण घरात होतं. बाईंचा धाकटा भाऊ त्यांच्याहून सोळा वर्षांनी लहान. आई लवकर गेली, तेव्हा बाईंनीच त्याला वाढवलं, पाढे शिकवले, त्याच्यासाठी स्वतःचं लग्न दोनदा पुढे ढकललं आणि तिसऱ्यांदा विषयच बंद केला. धाकटा छपरं घालायचं काम करायचा. एकदा छपरावरून पडला, कंबर मोडली. डॉक्टरांनी दुखण्यावर गोळ्या दिल्या, दोन वर्षं दिल्या आणि एक दिवस नियम बदलला म्हणून थांबवल्या. दुखणं काही नियम बदलल्याने थांबलं नाही. मग धाकटा रस्त्यावरची पूड घ्यायला लागला. पुढची चार वर्षं बाईंनी कशी काढली ते त्यांचं त्यांना माहीत. पण तो सुटला. आठ महिने त्याने पुडीला हात लावला नव्हता. बाईंच्या आयुष्यात त्या आठ महिन्यांपेक्षा मोठी कमाई दुसरी नव्हती आणि ती हातातून जाऊ नये म्हणून त्यांचा जीव चोवीस तास टांगणीला लागलेला असायचा.

म्हणून त्यांनी एक युक्ती केली होती. रोज दुपारी एक वाजता धाकट्याने त्यांना जेवणाचा डबा आणून द्यायचा. बाईंना सकाळी डबा नेता येत नव्हता असं नाही. पण डबा द्यायला तो खिडकीत वाकला की त्याचे डोळे दिसायचे. पूड घेतलेल्या माणसाच्या डोळ्यांतल्या बाहुल्या मोहरीएवढ्या बारीक होतात. बाई "आज मीठ नीट पडलंय ना रे?" असं विचारायच्या आणि डोळ्यांत बघून घ्यायच्या. त्यालाही ते कळत होतं. "ताई, मीठ बरोबर आहे," म्हणत तो डोळे मुद्दाम मोठे करून दाखवायचा. मग दोघं हसायची.

मात्र नाकात मारायचा तो फवारा, श्वास थांबलेल्याला परत आणणारा, बाईंनी घरात ठेवला नव्हता. अर्ध्या रस्त्याला त्यांनी तो वापरायला शिकवला होता, चार पेट्या खोलीत पडून होत्या, दोन फवारे त्यांच्या कामाच्या पिशवीत असायचे, पण घरात एक नाही. धाकट्याला वाटेल ताईचा आपल्यावर विश्वास नाही, म्हणून. असा विश्वास काय कामाचा, सांगा.

खिडकीवर रोज येणाऱ्यांत एक होता बाजारभाव. हे काही त्याचं नाव नव्हे. पूर्वी तो एका वर्तमानपत्रात धान्य, तेल, सोनं यांचे रोजचे भाव लिहायचा. नोकरी गेली, बायको गेली, दात गेले, पण सवय गेली नाही. नमस्कार करायच्या ऐवजी तो भावच सांगायचा. "बाई, आज अठरा." म्हणजे रस्त्यावर आज एक पुडी अठराला. पुढे त्यावर पाच मिनिटं भाष्य. बाईंना तो आवडायचा आणि त्याचा वैतागही यायचा, दोन्ही एकदमच.

त्या शुक्रवारच्या तीन आठवडे आधी पोलिसांनी मोठा साठा पकडला, पोत्यांच्या मागे उभे राहून फोटो काढले. बाई खूश झाल्या. बाजारभावाने मात्र कपाळाला हात लावला.

"तुम्हाला आनंद कसला होतोय? माल कमी झाला, गिऱ्हाईक तेवढंच राहिलं. भाव वीसवर गेला. आता विकणारा काय करेल? पोतं आणायला गेला तर पकडला जातो. तो कारखान्यातली पूड मागवेल. ती एवढी जहाल असते, की काडेपेटीत मावेल तेवढ्यात पोत्याचं काम होतं. काडेपेटी कोण पकडणार? मग घरी बसून साखरेत घालायची, स्वयंपाकाच्या मिक्सरमध्ये फिरवायची आणि पुड्या बांधायच्या. पोलीस जेवढे शूर, माल तेवढा जहाल. हिशेब सरळ आहे."

"तुम्हाला पोलिसांचं काहीच बरं दिसत नाही," बाई म्हणाल्या.

"मला भाव दिसतो बाई, दुसरं काही दिसत नाही."

आणि झालं अगदी तसंच. त्या शुक्रवारच्याच आठवड्यात हिरव्या शिक्क्याची पुडी बाजारात आली. पानाचा छाप असलेला छोटासा हिरवा शिक्का. चार दिवसांत सहा जण बेशुद्ध पडले, दोघं गेले. बाईंनी हिरव्या शिक्क्याच्या पाच पुड्या मिळवल्या आणि तपासायला घेतल्या.

इथे थोडं थांबायला हवं. कारण सगळं पुढचं इथून निघालं.

प्रयोगशाळेत रक्ताची नळी आली की पहिला नियम कोणता? नळी हलक्या हाताने आठ-दहा वेळा उलटीसुलटी करायची, रक्त एकजीव करायचं आणि मगच मोजायचं. न हलवता मोजलं की आकडा चुकतो. नवीन आलेल्या पोरींना बाई याच एका गोष्टीवरून रडवायच्या. तीस वर्षांत हा नियम त्यांच्या डोक्यात राहिला नव्हता, हातात उतरला होता. तर बाईंनी पाचही पुड्या एका बशीत रिकाम्या केल्या, काचेच्या कांडीने छान खलल्या, एकजीव केल्या आणि मग त्यातली चिमूट यंत्राला दिली. आकडा आला. नेहमीच्या मालापेक्षा चारपट. मुख्य कचेरीच्या फॉर्मवर एकच चौकोन होता, त्यात एकच आकडा बसत होता. बाईंनी चार लिहिला.

मग शुक्रवारी सकाळी बाहेर जाऊन फळा पुसला आणि आपल्या त्या सुंदर अक्षरात लिहिलं: "हिरवा शिक्का घेऊ नका. नेहमीपेक्षा चारपट जोरदार. जिवाला धोका." "जोरदार"च्या खाली दोन रेघा ओढल्या.

अकरा वाजेपर्यंत फळ्यासमोर ही गर्दी! बाई आतून बघत होत्या आणि त्यांना समाधान वाटत होतं. लोक वाचताहेत, एकमेकांना वाचून दाखवताहेत. काही जण खिडकीशी येऊन विचारत होते, "हिरवा शिक्का नक्की कुठे मिळतो?" बाईंना वाटलं, टाळायचा म्हणून विचारताहेत. त्यांनी दोन चौकांची नावंसुद्धा सांगितली. भाबडेपणाला काही सीमा!

एक वाजता धाकटा डबा घेऊन आला. डोळे मोठे करून दाखवले. स्वच्छ होते. पण चेहरा उतरलेला होता. सकाळी तो एका ठेकेदाराकडे काम मागायला गेला होता. "कंबर मोडलेला माणूस छपरावर चढवून मी तुरुंगात जाऊ काय?" असं म्हणून त्याने वाटेला लावलं होतं. हे त्याने हसत सांगितलं, म्हणून बाईंनी ते फारसं मनावर घेतलं नाही.

जाता जाता तो फळ्यापाशी थांबला. परत खिडकीत आला.

"ताई, चारपट म्हणजे काय गं?"

बाईंना वाटलं, बरं झालं विचारलं. चांगली भीती घालू. "म्हणजे तू पूर्वी एक पुडी घ्यायचास ना, तशा चार पुड्यांचा जोर या एका पुडीत. माणूस जागच्या जागी आडवा."

धाकटा विचार करत राहिला. लहानपणी पाढे म्हणताना राहायचा तसाच, ओठ हलवत. "म्हणजे हिचे चार भाग केले, तर एक भाग म्हणजे आपली जुनी एक पुडी?"

"बरोब्बर," बाई म्हणाल्या. "शाब्बास! गणित सुधारलं की तुझं."

तो हसला. "रिकामा डबा संध्याकाळी घेऊन ये मग," म्हणाला आणि गेला. बाई त्याच्या पाठमोऱ्या आकृतीकडे बघत होत्या. लंगडणं कमी झालंय, असं त्यांना वाटलं. जेवण त्यांना त्या दिवशी फार गोड लागलं.

चारच्या सुमारास बाजारभाव आला. धापा टाकत होता.

"बाई, सकाळी वीस होता. आता तीस."

"कशाचा?"

"हिरव्याचा. अहो, तुम्ही काय करून बसलात? हे लोक काय शोधत फिरतात? जोरदार माल. रोज दहा जण फसवतात त्यांना, नुसती साखर बांधून देतात. आणि आज सरकारी खिडकीवर, यंत्राने तपासून, एवढ्या सुरेख अक्षरात कोणीतरी लिहिलंय, की खरा माल इथे आहे. विकणाऱ्याने लाख खर्च केले असते तरी अशी जाहिरात झाली नसती. तो फळा पुसा आधी. आणि दुसरं एक सांगतो, तो चारचा आकडा..."

बाईंना ते झोंबलं. खरं होतं म्हणून जास्तच झोंबलं. तीस वर्षं प्रयोगशाळेत काढली आणि आता हा दात पडलेला गर्दुल्ला आपल्याला काम शिकवणार?

"मला नका शिकवू," त्या म्हणाल्या. "स्वतःला सांभाळता येत नाही आणि निघाले दुसऱ्यांना अक्कल द्यायला. उद्या कचेरीला विचारते. आज खिडकी बंद झाली." आणि त्यांनी त्याच्या तोंडावर खिडकी लावली. अजून एक तास उघडी राहायची होती, तरी लावली. आत बसून फॉर्म नीट लावत राहिल्या. फळा तसाच राहिला.

सहा वाजता, चांगलं ऊन असताना, बाई घरी पोचल्या. दार नुसतं लोटलेलं होतं. तपासणीच्या खोलीवर सूचनांचं पत्रक लावलेलं असायचं, त्यात लिहिलेलं होतं की एकट्याने घेत असाल तर दाराला कडी घालू नका, म्हणजे कोणाला आत येता येईल. धाकट्याने ते वाचलं असणार. तो स्वयंपाकघरात जमिनीवर भिंतीला टेकून बसलेला होता, मान पुढे पडलेली, ओठ निळे. बाईंनी पिशवीतला फवारा काढून मारला, दुसरा मारला, तोंडाला तोंड लावून श्वास दिला, हाका मारल्या. मोजत होत्या आणि मोजता मोजता आकडे चुकत होते. इस्पितळाचे गाडीवाले आले. त्यांनी वीस मिनिटं झटापट केली आणि मग त्यांतला एक जण शांतपणे उठून उभा राहिला.

टेबलावर हिरव्या शिक्क्याचा कागद होता. त्यावर पुडीचे भाग केलेले. सुरीच्या टोकाने, अगदी सारखे, निगुतीने. तीन ढीग शिल्लक होते. चौथ्याची जागा रिकामी होती.

त्याने भसकन पूर्ण पुडी घेतली नव्हती. ताईच्या फळ्यावर विश्वास ठेवून, ताईने बरोबर म्हटलेल्या गणिताने, पाव पुडी घेतली होती. का घेतली हे विचारू नका. दुखरी कंबर, ठेकेदाराचे शब्द, रिकामी दुपार, आणि आयतं समोर लिहून ठेवलेलं, की एका पुडीच्या पैशात चार वेळा भागेल. कोणी सांगावं.

आणि गाडीवाले कागद भरत असताना बाईंच्या हाताने एक गोष्ट केली. हाताने म्हणतो, कारण बाईंना ती करायची नव्हती. पिशवीतून तीन छोटी पाकिटं निघाली आणि तिन्ही ढिगांतली चिमूट चिमूट त्यांत भरली गेली. भाऊ जमिनीवर, अंगावर चादर, आणि बहीण नमुने घेतेय! या एका गोष्टीसाठी बाईंनी स्वतःला अजून माफ केलेलं नाही.

कचेरीने पंधरा दिवसांची रजा दिली. बाई नवव्या दिवशीच कामावर आल्या. फळा कोणीतरी पुसलेला होता. घरात राहवत नव्हतं आणि ती तीन पाकिटं पिशवीत होती. पहिल्यांदाच त्यांनी काही खललं नाही, काही एकजीव केलं नाही. तीन पाकिटं, तीन बशा, तीन वेगळे नमुने.

पहिला: साखर. दुसरा: साखर आणि डोकेदुखीच्या गोळीचा चुरा. तिसरा: साखर.

यंत्र बिघडलं असेल म्हणून त्यांनी पुन्हा लावून पाहिलं. तेच. तिन्ही ढीग मिळून एका मुंगीलाही झोप आली नसती. पुडीतलं सगळंच्या सगळं जहर त्या चौथ्या ढिगात होतं. घरातल्या मिक्सरमध्ये फिरवलेली पूड कुठे एकसारखी होते? इथे खडा, तिथे काहीच नाही. चारपट नावाची गोष्ट त्या पुडीत नव्हतीच. ती फक्त बाईंच्या बशीत होती, बाईंनी खलून तयार केलेली. त्याने डावीकडचा ढीग उचलला असता, किंवा मधला, तर काहीही झालं नसतं. विकणाऱ्याला चार शिव्या घातल्या असत्या आणि दुसऱ्या दिवशी डबा घेऊन आला असता.

बाई कितीतरी वेळ त्या तीन बशांसमोर बसून राहिल्या. रडू येईना.

दुपारी खिडकीवर टकटक झाली. बाजारभाव होता. पहिल्यांदाच त्याने भाव सांगितला नाही. टोपी काढून नुसता उभा राहिला.

"तुम्ही म्हणत होतात तेच खरं झालं," बाई म्हणाल्या. आवाज त्यांचा त्यांनाच ओळखू येईना. "फळ्याचं. आणि आकडाही चुकलाच. मी पुड्या एकत्र खलून मोजल्या हो. रक्त मोजतात तशा. माझ्या भावाने त्या आकड्यावर भरवसा ठेवला."

तो टोपी हातात फिरवत राहिला.

"त्या दिवशी तुम्ही आकड्याबद्दल सांगत होतात. काय सांगणार होतात?"

"जाऊ द्या बाई."

"नाही, सांगा. आज मी ऐकते."

"हेच की मिक्सरच्या मालाला आकडा नसतो," तो खाली बघत म्हणाला. "इथे सगळ्यांना माहीत आहे. आम्ही आधी कणभर घेतो, बसून राहतो, मग पुढे. तुम्हालाही माहीत असेल असं वाटलं होतं. शिकलेल्या आहात." मग घाईने म्हणाला, "पण माझंही चुकलं. रागावून निघून गेलो. खिडकी ठोकायला हवी होती."

"मी उघडली नसती," बाई म्हणाल्या. ते खरंच होतं.

त्याच्यामागे रांग वाढत होती. तरणी पोरं होती, एक बाई होती, एक म्हातारा होता. सगळे वाट बघत होते. बाईंच्या लक्षात आलं की आज गर्दी नेहमीपेक्षा जास्त आहे.

"आज भाव काय आहे?" त्यांनी विचारलं.

"राहू द्या."

"तुम्ही आणि भाव सांगत नाही? किती आहे?"

बाजारभावाने टोपी घातली, परत काढली. "हिरव्याचा ना? वाढलाय."

"फळा तर पुसलाय. मग कशाने वाढला?"

तो मागे वळून रांगेकडे पाहू लागला, कोणीतरी दुसऱ्याने उत्तर द्यावं असा. मग अगदी हळू बोलला.

"पन्नास झाला, बाई. तपासणीबाईच्या सख्ख्या भावाने घेतला आणि जागच्या जागी गेला, असं सगळीकडे झालंय ना. तेव्हापासून. लोक म्हणतात, माल खरा असणार."

मागचं तरणं पोर पुढे सरकलं आणि मुठीतली पुडी दाखवत विचारू लागलं, हाच का तो हिरवा शिक्का, नक्की हाच का. बाईंनी पुडी हातात घेतली, त्यावरचं ते हिरवं पान बघितलं आणि सगळ्या रांगेसमोर ढसाढसा रडायला लागल्या. पोराला काही कळेना. तो बाजारभावाला विचारत होता, बाईंना काय झालं, पुडी खोटी आहे काय.